पाय मागे घ्यायला जागा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. त्यामुळे खुर्ची दिसली की आधी तिची उंची बघते, मग हात, आणि रूपाकडे लक्ष जातं ते सगळ्यात शेवटी. गुडघ्याचे नाहीतर कमरेचे पेशंट निघता निघता हमखास विचारतात, "मॅडम, घरी बसायला कसली खुर्ची घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं: उंच, घट्ट बैठकीची, दोन्ही बाजूंना हात असलेली. बाकी रंग-कापड तुमच्या आवडीचं.

१९५० च्या आगेमागे निघालेलं, 'मिड-सेंच्युरी मॉडर्न' म्हणतात ते फर्निचर मात्र माझ्या या उत्तरात कुठेच बसत नव्हतं. तेच ते, ज्याचे फोटो आता मोबाइलवर सारखे येतात. खाली निमुळते होत गेलेले तिरके पाय, बुटकी बैठक, उघडं लाकूड, कोपऱ्यात एक मोठ्या पानांचं झाड आणि मोहरीच्या रंगाची एकुलती एक उशी. त्या फोटोंत माणूस कधीच नसतो. चष्मा, औषधाची गोळी, मुलांची वही, सुकत घातलेला टॉवेल, काही म्हणजे काही नसतं. आमच्या घरात हे फर्निचर आणायचं तर आधी आम्हालाच बाहेर काढावं लागेल, असं मी नवऱ्याला म्हणायचे. आमचा सोफा बघा, म्हणायचे. जमिनीला टेकलेला, रुंद हातांचा, चौघांशिवाय न हलणारा. सोफा कसा असावा तर असा.

नवऱ्याच्या आत्या लहान जागेत राहायला जाणार होत्या. घर आवरताना त्यांनी त्यांच्या दोन आरामखुर्च्या आम्हाला देऊ केल्या. सागवानी, त्याच काळातल्या घडणीच्या, कुठे नाव ना शिक्का. नवरा लगेच हो म्हणाला. मी तोंड वाकडं केलेलं आत्यांनी पाहिलं.

"अगं, तू लोकांना उठाबसायला शिकवतेस ना? मग आधी बसून बघ, उठून बघ. नंतर नावं ठेव."

मी बसले, उठले. पण डोळे उघडले ते स्वतःच्या उठण्याने नाही, आत्यांच्या उठण्याने. आत्यांचं वय सत्तरीच्या पुढचं आणि गुडघे झिजलेले. आमच्या सोफ्यावरून त्यांना कधीही एका दमात उठता आलेलं नाही. त्या आधी कडेला सरकतात, मग पुढे-मागे झोके घेतात आणि शेवटी कोणाचा तरी हात मागतात. त्या दिवशी मात्र बोलता बोलता त्या खुर्चीतून उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्यासुद्धा. मी त्यांना परत बसायला लावलं आणि परत उठायला सांगितलं. "आता माझी तपासणी करणार का?" म्हणाल्या, पण उठल्या.

झालं असं की त्यांनी दोन्ही पाय बैठकीखाली मागे घेतले होते. टाचा गुडघ्याच्या बऱ्याच मागे गेल्या. मग धड पुढे झुकलं, तळवे खुर्चीच्या हातांच्या टोकांवर आले आणि त्या वर आल्या. हेच तर मी क्लिनिकमध्ये दिवसभर घोकते: पाय मागे, छाती पुढे, मग उठा. पाय जितके मागे, तितकं शरीराचं वजन पटकन पावलांवर येतं आणि मांडीच्या स्नायूंना कमी जोर लावावा लागतो. पाय पुढेच राहिले तर तेवढं वजन पुढे ढकलायला झोका घ्यावा लागतो. आमच्या त्या भरभक्कम सोफ्याला पुढून खालपर्यंत फळी आहे. टाचा मागे घ्यायला गेलं की फळीला आपटतात. म्हणजे ज्या बारीक पायांना मी इतकी वर्षं हसत होते, त्या पायांमधली मोकळी जागा आत्यांच्या टाचांच्या कामाची होती.

खुर्च्या घरी आल्या.

त्यातली एक ठीक होती. दुसरीवर बसलं की माणूस खाली रुतायचा, कंबर गुडघ्यांच्या खाली जायची. कुशन उचललं तर खाली स्प्रिंग नव्हते, रबराचे रुंद पट्टे होते. रबर आणि कापड यांचे थर एकमेकांना चिकटवून केलेले. या काळातल्या कितीतरी खुर्च्यांच्या बैठकीत असेच पट्टे असतात. जाडजूड स्प्रिंगांचा गठ्ठा नको, म्हणूनच बैठक एवढी पातळ ठेवता आली. पण रबराचं आयुष्य लाकडाएवढं नसतं. आमच्या खुर्चीतले पट्टे कडक झाले होते. नखाने दाबलं की बारीक चिरा पडायच्या आणि तपकिरी भुसा बोटाला लागायचा. प्रत्येक पट्ट्याच्या दोन्ही टोकांना पत्र्याची क्लिप दाबून बसवलेली. ती क्लिप चौकटीत कोरलेल्या खाचेत नुसती अडकते. स्क्रू नाही, खिळा नाही, डिंक नाही. पट्टा ताणला की सुटतो.

सुतारकाकांनी जुने पट्टे काढले, नवे थोडे आखूड कापले आणि ताणून खाचांत बसवले. आखूड अशासाठी की ताणाशिवाय पट्टा बसणाऱ्याला उचलून धरत नाही. काम चालू असताना त्यांनी खुर्ची उलटी केली आणि मागचा पाय हाताला जिथे मिळतो तिथे बराच वेळ अंगठा फिरवत राहिले. सांधा डोळ्यांना दिसत होता, बोटाला लागत नव्हता. "आता असं कोणी करून मागत नाही," म्हणाले. मग हाताचं पुढचं टोक मला धरायला लावलं. वरून ते रुंद आणि चपटं दिसतं, पण खालून गोलसर तासलेलं आहे. तळहात वर टेकतो आणि बोटं आपोआप खाली वळून पकड घेतात. आजवर मी पेशंटना खुर्चीला हात असावेत एवढंच सांगत होते. हाताचं टोक कसं असावं, हे सांगायचं कधी सुचलंच नव्हतं.

मग मी वाचायला लागले, आणि पहिल्याच झटक्यात आपल्याच धंद्यातली गोष्ट हाती लागली. या फर्निचरचं नाव निघालं की चार्ल्स आणि रे एम्स या अमेरिकन नवराबायकोचं नाव निघतंच. १९४१ मध्ये लग्न करून ते लॉस एंजेलिसला आले आणि भाड्याच्या घरातच प्लायवूड वाकवायचं यंत्र उभं केलं. प्लास्टरचा साचा, तापवायला विजेच्या तारा आणि दाब द्यायला सायकलचा पंप! त्यांना माणसाच्या अंगाला बसेल अशी वळणदार खुर्ची करायची होती. पण आधी झाली ती खुर्ची नव्हे, तर मोडलेल्या पायाला बांधायची स्प्लिंट.

युद्ध चालू होतं. जखमी सैनिकाला उचलून नेताना त्याच्या पायाला लोखंडी स्प्लिंट बांधत, आणि धक्क्यांनी ती हादरली की जखम आणखी चिघळायची. एम्स दांपत्याने प्लायवूडची स्प्लिंट केली. हलकी, टाचेपासून मांडीपर्यंत पायाच्या उतारचढावांप्रमाणे वळलेली, एकात एक रचून ठेवता येणारी. अमेरिकेच्या नौदलाने ती घेतली आणि युद्ध संपेपर्यंत दीड लाखाच्या आसपास स्प्लिंट तयार झाल्या. मी फोटो मोठा करून बघत बसले. तिला जागोजागी लांबट भोकं आणि फटी आहेत. पट्टी त्यांतून ओवून बांधता येते, हा झाला एक उपयोग. दुसरा उपयोग लाकडासाठी. प्लायवूड एका दिशेने सहज वाकतं, पण एकाच वेळी दोन दिशांनी वाकवायला गेलं की चुरगळतं, फाटतं. जिथे ताण येतो तिथेच भोक ठेवलं की ते निमूट वळतं. पेशंटची सोय आणि लाकडाची सोय एकाच भोकात! मी रोज स्प्लिंट हाताळते. एवढी विचार करून केलेली स्प्लिंट आजही रोज बघायला मिळते असं नाही.

त्याच प्रयोगांतून युद्ध संपता संपता त्यांची प्लायवूडची खुर्ची आली. बैठक आणि पाठ एकाच तुकड्यात करायचा त्यांनी आधी खूप प्रयत्न केला, पण पाठ जिथे वर वळते तिथे लाकूड तडकायचं. शेवटी दोन तुकडे वेगळे केले आणि जोडताना मध्ये रबराच्या चकत्या घातल्या. त्यामुळे टेकलं की पाठ किंचित मागे जाते, सरळ झालं की परत येते. मला विचाराल तर तडकलेल्या त्या लाकडाने फार मोठे उपकार केले. आपली पाठही दर दोन मिनिटांनी जागा बदलते. तिच्याबरोबर हलणारी खुर्ची तिला हवीच असते.

डेन्मार्कचं प्रकरण निराळं. तिथे यंत्रापेक्षा सुताराचा हात जास्त दिसतो. कोर क्लिंट नावाचे शिक्षक १९२० च्या दशकापासून कोपनहेगनच्या अकादमीत विद्यार्थ्यांकडून माणसांची आणि घरातल्या वस्तूंची मापं घेऊन घेत. आधी माप, मग चित्र. त्यांचे शिष्य बोर्गे मोगेन्सेन यांनी पुढे कपाटं करताना शर्ट घडी घालून किती जागा घेतो इथपासून हिशेब मांडला. हे मोगेन्सेन तिथल्या ग्राहक सहकारी संस्थेसाठी काम करत आणि १९४७ ची त्यांची जे-३९ ही विणलेल्या बैठकीची साधी खुर्ची सामान्य घरांसाठीच होती. सहकारी भांडारातली खुर्ची म्हटल्यावर माझा तिच्याबद्दलचा निम्मा आकस तिथेच गेला. फोटोंतल्या त्या रिकाम्या, ऐटबाज खोल्यांशी तिचा काही संबंध नव्हता.

डेन्मार्कचेच हान्स वेग्नर हे माझे सगळ्यात आवडते. जन्मभरात त्यांनी पाचशेच्या वर खुर्च्या रेखाटल्या. १९४९ सालच्या त्यांच्या एका खुर्चीत पाठ आणि हात मिळून एकच सलग अर्धवर्तुळ आहे, आणि १९६० मध्ये केनेडी आणि निक्सन यांचा टीव्हीवर वादविवाद झाला तेव्हा दोघांच्या मागे तीच खुर्ची होती. केनेडींची कंबर कायमची दुखरी, हे जगजाहीर आहे. १९४९ सालीच रेखाटलेल्या त्यांच्या दुसऱ्या खुर्चीची पाठ इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची आणि बैठक कागदाच्या दोरीने विणलेली. एका बैठकीला सुमारे १२० मीटर दोरी लागते. कागदाची दोरी म्हटल्यावर मी आधी हसलेच. पण पीळ घातलेला तो कागद वर्षानुवर्षं टिकतो, आणि विणलेली बैठक थोडी खाली जाऊन वजन पसरवते, वर हवाही खेळती ठेवते. पाठीचं म्हणाल, तर टेकायला वरची वळलेली पट्टी आणि मधला वाय एवढंच आहे. तासन्‌तास कॉम्प्युटरवर काम करणाऱ्याला मी ती सुचवणार नाही. जेवायला बसून नंतर गप्पा लांबल्या तर मात्र हरकत नाही. तिरकं बसता येतं, एक कोपर मागे टाकता येतं.

आता एवढं कौतुक केलं तर जे पटत नाही तेही लिहिते. एम्स दांपत्याची १९५६ सालची चामड्याची प्रसिद्ध आरामखुर्ची, पाय ठेवायच्या स्टुलासकट. तिची बैठक कायमची मागे कललेली आणि बुटकी. एकदा टेकलात की उत्तमच, मान-पाठ सगळं सैल. पण ती खुर्ची उठण्यासाठी केलेलीच नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला त्यात बसवून बाहेर जाऊ नये. अमेरिकन वास्तुविशारद सारिनेन यांची एकाच दांड्यावर उभी असलेली पांढरी खुर्ची घ्या. टेबल-खुर्च्यांखाली पायांची गर्दी झालीय ती साफ करायची, हा त्यांचा हेतू मला मान्य आहे, टाचांना जागाही भरपूर. पण तिचा हातांशिवायचा प्रकार म्हाताऱ्या माणसाला देऊ नका, जोर द्यायला काही धरायलाच नाही. आणि काचेची बुटकी टेबलं! बरोबर नडगीच्या उंचीवर काच ठेवायची कल्पना ज्या कोणाला पहिल्यांदा सुचली, त्याला माझ्या ओपीडीत एक दिवस बसवायला हवं.

सगळ्यात जास्त खटकतो तो सेट. सोफा, खुर्ची, टेबल, दिवा, सगळं एकाच वेळी एकाच घाटाचं आणलं की खोलीचं वेटिंग रूम होतं. एम्स यांचं स्वतःचं घर तसं नव्हतंच. १९४९ साली बांधलेल्या त्या काचा-लोखंडाच्या घराचे आतले फोटो बघा. गालिचे, टोपल्या, बाहुल्या, पुस्तकं, कुठून कुठून जमवलेली खेळणी, नुसता पसारा. त्यांच्या खुर्च्या त्या पसाऱ्यात खुशाल बसल्यात. हे फोटो आधी बघितले असते तर वाद इतका लांबला नसता.

भारत सरकारच्या बोलावण्यावरून हे दोघे इकडेही आले होते. १९५८ मध्ये त्यांनी जो अहवाल दिला, त्यातून पुढे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त कशाची वाखाणणी केली असेल, तर लोट्याची. तो हातात कसा बसतो, कमरेवर कसा टेकतो, डोक्यावर नेताना तोल कुठे जातो, भरलेला आणि रिकामा यांत काय फरक पडतो. वाचताना मला वाटलं, हे तर माझ्या केसपेपरवरचे प्रश्न आहेत.

आणि चंदीगड. वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी आखलेल्या त्या शहरासाठी त्यांचे सहकारी पिएर जानेरे यांच्या देखरेखीखाली कचेऱ्या, कॉलेजं, घरं यांच्याकरता हजारोंनी खुर्च्या झाल्या. साग आणि वेत, उलट्या व्हीसारखे पाय. स्थानिक सुतारांनी केलेल्या, कारकुनांनी वापरलेल्या. मोडल्या तशा गच्चीवर नाहीतर अंगणात ढीग लागले आणि भंगाराच्या भावात लिलाव झाले. नंतर त्याच खुर्च्या परदेशातल्या लिलावांत प्रचंड किमतीला जायला लागल्या, तेव्हा आपल्याला जाग आली. २०११ मध्ये केंद्र सरकारने निर्बंध आणले. पण मला त्या खुर्च्यांतला मान दिसतो तो लिलावातल्या किमतीत नाही. साध्या कचेरीत दिवसभर बसणाऱ्या माणसालाही वेताची, हवेशीर, हात असलेली बैठक मिळाली, यात आहे. सागाचं म्हणाल, तर डेन्मार्कमध्ये तो उगवतच नाही. त्या गाजलेल्या डॅनिश खुर्च्यांचा साग थायलंड-ब्रह्मदेशाकडून जहाजाने जायचा. आपल्याकडच्या दारं-खिडक्यांतलं लाकूड तिकडे जाऊन एवढं सडपातळ झालं.

आमच्या खुर्च्या आता खिडकीजवळ, सासूबाईंच्या कोरीवकाम केलेल्या कपाटासमोर आहेत. हे जमणार नाही अशी माझी खात्री होती, पण कपाटाला काही वाटलेलं दिसत नाही. खुर्च्यांखालून फरशी पलीकडच्या भिंतीपर्यंत दिसते, म्हणून खोली तेवढीच असून मोठी वाटते. केरसुणी आरपार जाते. एका हाताने उचलून हव्या तिथे नेता येतात, त्यामुळे सकाळी पेपर वाचायला एक गॅलरीच्या दाराशी असते आणि संध्याकाळी परत आत. एका खुर्चीच्या हातावर कपाचं पांढरं वर्तुळ उमटलं आहे. सुतारकाका म्हणाले, पांढरं आहे तोवर ओल फक्त वरच्या थरात असते, तेलाने पुसत राहा, जाईल. काळं पडलं तर मला बोलवा.

पेशंटना द्यायच्या माझ्या उत्तरातही भर पडली. उंची आणि हात सांगतेच, पण आता विचारते, "बसल्यावर पाय मागे घेता येतात का? खाली फळी आहे का?" एका आजोबांच्या मुलाने फोटो पाठवले, तर सोफा थेट आमच्यासारखा. नवीन काही घ्यायला सांगितलं नाही. बसायला जेवणाच्या टेबलाची हातवाली खुर्ची घ्या म्हटलं.

मग आमच्या सोफ्याचा विषय निघाला. नवऱ्याची योजना अशी की पुढची फळी काढायची, खाली चार पाय लावायचे, म्हणजे टाचांनाही जागा आणि उंचीही वाढेल. सुतारकाकांना बोलावलं. सोफा आडवा करून त्यांनी खालचं काळं कापड उसवलं. आत खोक्यांच्या पातळ फळ्या होत्या, एकमेकींना पिना ठोकून जोडलेल्या, आणि रुंद दिसणारे ते हात म्हणजे पुठ्ठ्यावर चढवलेला स्पंज. पाय लावायला भक्कम लाकूड कुठेच सापडेना. काकांनी कापड होतं तसं परत ठोकून दिलं आणि म्हणाले, "ह्याला पाय लावले तर पाय राहतील, सोफा जाईल."

सोफा आता आतल्या खोलीत गेलाय, मुलं त्यावर उड्या मारतात. रिकाम्या जागेत नवऱ्याला एक बुटकं टेबल हवंय. लाकडाचं आणि गोल कडांचं मिळालं तर माझी हरकत नाही, काचेचं दारातूनच परत जाईल.